तयार असलेल्या ४४० नकला आणि एक सही: परीक्षा विभागातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण अनेक संलग्न महाविद्यालये असलेल्या एका विद्यापीठाचे आहे. ओळख पटू नये म्हणून नावे आणि वर्षे काढून टाकली आहेत, आकडे गोल केले आहेत. पदनामे तेवढी ठेवली आहेत, कारण कोण कोणाच्या वर बसते हाच या प्रकरणाचा विषय आहे.

परीक्षा विभागातला ट्रान्स्क्रिप्ट कक्ष सर्व सत्रांचे गुण एकत्र दाखवणारे प्रमाणित उतारे देतो. दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेणारे, शिक्षणासाठी बाहेर जाणारे आणि नोकरीतल्या पडताळणीत अडकलेले असे तीन प्रकारचे अर्जदार. रोज सरासरी ४० अर्ज यायचे. कक्षात एक अधीक्षक आणि सहा लिपिक होते. कक्षाचा कारभार उपकुलसचिवांकडे, त्यांच्या वर परीक्षा नियंत्रक, मग कुलसचिव, मग कुलगुरू.

अर्जाचा प्रवास पाच टेबलांचा होता: आवक व शुल्काची पडताळणी, लेजर (गुणांची मूळ नोंदवही) काढून गुण शोधणे, टंकन व ताडणी (टंकलेले गुण लेजरशी जुळवून पाहणे), नियंत्रकांची सही, रवानगी. सही नियंत्रकांचीच, आणि ती प्रत्येक पानावर.

नेमकी अडचण

उतारा मिळायला सरासरी ३० कामाचे दिवस लागत होते. प्रवेशाची मुदत हुकलेले विद्यार्थी खिडकीवर येऊन भांडत. लिपिक म्हणत, ‘सहीला गेलंय.’ नियंत्रकांच्या दालनातून उत्तर येई, ‘कक्षातून उशिरा येतं.’ दोन्ही उत्तरे खरी होती.

उपकुलसचिवांचा प्रस्ताव साधा होता. नियंत्रकांच्या वतीने दोन सहायक कुलसचिवांनी सही करावी. नियंत्रकांना तो नको होता, आणि त्याचे कारण कोणत्याही टिप्पणीत लिहिलेले नव्हते.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

पहिली टिप्पणी नऊ पानांची होती. इतर ठिकाणच्या पद्धती, संगणकीकरणाचे फायदे, विद्यार्थ्यांच्या तक्रारींचा तक्ता, आणि शेवटच्या पानावर अधिकार प्रदानाची मागणी. ती निकालाच्या आठवड्यात वर गेली आणि तिची प्रत माहितीसाठी थेट कुलसचिवांना दिली गेली.

फाइल सात आठवड्यांनी परत आली. समासात दोनच शब्द होते: ‘चर्चा करावी.’ कार्यालयात वावरलेल्या कोणालाही या शेऱ्याचा अर्थ सांगावा लागत नाही. हा लेखी नकार नसतो, त्यामुळे त्यावर अपीलही करता येत नाही.

इथे तीन चुका झाल्या होत्या. वेळ चुकली, हे उघड आहे. लांबीही चुकली: मागणी नवव्या पानावर होती आणि नियंत्रक पहिल्या पानापुढे जात नसत. पण सर्वांत महागात पडली ती कुलसचिवांना दिलेली प्रत. वरिष्ठांचे मत बनण्याआधीच त्यांच्या वरिष्ठांना प्रत गेली, की तो प्रस्ताव राहत नाही, तक्रार होते. त्यानंतर नियंत्रक टिप्पणीतल्या मुद्द्यांचा विचार करत नव्हते. ही प्रत का दिली गेली, याचा ते विचार करत होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय थेट कुलगुरूंकडे जाण्याचा. कुलगुरूंनी एका सभेत ‘विद्यार्थ्यांना कागद वेळेत मिळाले पाहिजेत’ असे जाहीरपणे म्हटले होते, तेव्हा तिथून आदेश निघालाही असता. पण तो राबवणार नियंत्रकच. राबवणाऱ्याची इच्छा नसेल, तर चांगल्यातला चांगला आदेश पहिल्या अडचणीला गुंडाळला जातो, आणि उपकुलसचिवांना पुढची काही वर्षे त्याच दालनात फाइल घेऊन जायचे होते.

दुसरा पर्याय जास्त मनुष्यबळ मागण्याचा. तो सुरक्षित होता, कारण मनुष्यबळ मागितल्याने कोणी दुखावत नाही. फक्त सहीच्या टेबलावरचा उशीर लिपिक वाढवून कमी होणार नव्हता, उलट तिथला ढीग वाढला असता.

तिसरा, सहीचा रबरी शिक्का. काही कक्षांत तो गुपचूप चालतो. तो पहिल्याच बैठकीत फेटाळला गेला, आणि योग्यच झाले.

चौथा पर्याय विद्यार्थी प्रतिनिधींमार्फत अधिसभेत प्रश्न विचारून घेण्याचा. प्रश्नाला उत्तर तयार करावे लागते, त्यामुळे विषय हलतो खरा. पण तो कोणी पेरला हे आठवड्याभरात कळते.

पाचवा पर्याय असा, की नियंत्रकांच्याच अधिकारात, मुदतीचा आणि मागे घेता येईल असा छोटा प्रयोग मांडायचा. हाच निवडला गेला. त्यासाठी आधी नकाराचे खरे कारण शोधणे भाग होते.

काय केले

*आधी मोजणी*

दहा कामाचे दिवस प्रत्येक अर्जाला एक चिठ्ठी टाचली गेली. प्रत्येक टेबलावर अर्ज आल्याची आणि गेल्याची तारीख-वेळ त्यावर लिहायची, बाकी काही नाही. निष्कर्ष असा निघाला: आवक ४ दिवस, लेजर ९, टंकन व ताडणी ५, सही ११, रवानगी १. एकूण ३०. एका अर्जावर प्रत्यक्ष हात चालण्याचा वेळ तासाभराच्या आतच होता, बाकी सगळे पडून राहणे.

ही बेरीज दुसऱ्या बाजूनेही तपासली गेली. रांगेतील सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा सरासरी काळ, हा नियम जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. येणे-जाणे साधारण स्थिर असेल तर तो कोणत्याही रांगेला लागू पडतो. रोज ४० अर्ज आणि ३० दिवस म्हणजे १२०० प्रलंबित. कपाटातले गठ्ठे मोजले तर तेवढेच भरले. त्याच हिशेबाने सहीच्या टेबलावर ११ गुणिले ४०, म्हणजे कोणत्याही दिवशी सुमारे ४४० पूर्ण तयार नकला फक्त सहीसाठी पडून होत्या. पुढच्या सगळ्या बोलण्यात हा आकडा सर्वांत उपयोगी पडला. ‘अकरा दिवस लागतात’ म्हटले की आरोप होतो, ‘४४० नकला तयार आहेत’ म्हटले की ती आनंदाची बातमी असते.

*नकारामागचा नकार*

काही वर्षांपूर्वी गुण वाढवलेला एक उतारा बाहेरच्या संस्थेने पकडला होता. चौकशी झाली. आजचे नियंत्रक तेव्हा त्याच विभागात सहायक कुलसचिव होते आणि त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला होता. हे कक्षात जुन्या लिपिकांना माहीत होते, पण उपकुलसचिव नंतर आलेल्या. अधीक्षकांनी सांगितल्यावर त्यांनी अभिलेखातून चौकशीची फाइल काढून वाचली.

फाइलमध्ये अनपेक्षित गोष्ट निघाली. त्या बनावट उताऱ्यावरची सही खरी होती. गुण टंकनाच्या टप्प्यावर बदलले गेले, ताडणी झालीच नाही, आणि उतारा मोठ्या गठ्ठ्यातून सही होऊन गेला. म्हणजे फसवणूक अडवायला हवी होती ताडणीने. सहीने ती कधीच अडवली नव्हती.

एक आकडा आणखी मिळाला होता. नियंत्रक आठवड्यातून दोनदा सह्यांना बसत. एका बैठकीत साधारण १०० नकला आणि ४० मिनिटे, म्हणजे एका नकलेला २४ सेकंद. त्यात कोणीही गुण ताडू शकत नाही. हा आकडा टिप्पणीत घालायचा का, यावर उपकुलसचिव आणि अधीक्षक यांच्यात बरीच चर्चा झाली. तो घातला गेला नाही. तो खरा होता आणि युक्तिवाद म्हणून बिनतोड होता. मात्र त्याचा लेखी अर्थ ‘तुम्ही न पाहता सह्या करता’ असा झाला असता, आणि अशी ओळ एकदा फाइलवर चढली की पुढच्या चौकशीत सापडते. काय वगळले, हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय म्हणता येईल.

*अधिकार कुठून आला*

मिळालेला अधिकार पुढे दुसऱ्याला देता येतो का, हा प्रश्न अशा प्रस्तावात पहिल्या दिवशी विचारायला हवा. मूळ नियमात परवानगी नसेल तर सर्वसाधारणपणे देता येत नाही. इथे विधी कक्षाकडून तपासून घेतल्यावर कळले, की ‘नियंत्रकांचीच सही’ ही अट कायद्यात किंवा विनियमात नव्हती. ती चौकशीनंतर निघालेल्या एका परिपत्रकात होती. म्हणजे परिषदेची मंजुरी लागणार नव्हती. परिपत्रक नियंत्रक पदाच्याच शिफारशीवरून निघाले होते, तेव्हा बदलाची शिफारसही त्याच पदावरून करता येत होती. पहिली टिप्पणी लिहिताना हे कोणी पाहिलेच नव्हते.

*बोलणे आधी, कागद नंतर*

वरिष्ठांमध्ये काही वाचणारे असतात, काही ऐकणारे, हा व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी केलेला भेद इथे तंतोतंत लागू पडला. स्वीय सहायकांनी सांगितले, की साहेब सकाळी फाइल फक्त पुढे ढकलतात, बोलायचे असेल तर पाचनंतर या. नियंत्रक ऐकणारे होते. त्यांना नऊ पाने पाठवणे म्हणजे बंद दारावर चिठ्ठी लावण्यासारखे होते.

उपकुलसचिव एका संध्याकाळी कोरा कागद घेऊन गेल्या. त्यावर पाच चौकोन काढले, पाच टेबलांचे. सुरुवात आपल्या घरापासून केली: लेजरचे ९ दिवस ही कक्षाची चूक आहे, एकाच लेजरसाठी माणूस दिवसातून चारदा कपाटाकडे जातो, अर्ज वर्ष आणि महाविद्यालयानुसार लावले तर हे ४ दिवसांवर येईल. मग विचारले, “सर, गुण चुकले असतील तर ते कुठल्या टेबलावर सापडायला हवेत?”

नियंत्रकांनी पेन्सिलीने तिसऱ्या चौकोनावर खूण केली. मग चौथ्या चौकोनाकडे पाहत राहिले. “मग माझ्याकडे काय सापडतं?”

या प्रश्नाचे उत्तर दोघांनाही माहीत होते. उपकुलसचिवांनी ते दिले नाही. त्या म्हणाल्या, “आत्ता ताडणी एकदाच होते आणि कोणी केली याची नोंद नसते. दोनदा झाली, दोघांची नावं कार्यालयीन प्रतीवर आली, तर तुमच्याकडे यायच्या आधीच सापडेल.”

“लिहून आणा,” नियंत्रक म्हणाले. “पण एका पानात. आणि प्रत कोणाला नको.”

*एक पान आणि मसुदा*

टिप्पणी एका पानाची झाली आणि तिला आदेशाचा मसुदा जोडला. मसुदा जोडणे ही किरकोळ गोष्ट वाटते, पण ‘मान्य’ लिहिल्यावर पुढचे काम आपल्या अंगावर येणार नाही हे वरिष्ठांना दिसावे लागते. मसुद्यातल्या अटी अशा होत्या:

- दोन सहायक कुलसचिव ‘परीक्षा नियंत्रकांकरिता’ अशी सही करतील. नाव, गुण किंवा पुनर्मूल्यांकनाची दुरुस्ती असलेले उतारे पूर्वीप्रमाणे नियंत्रकांकडेच जातील.
- ज्याने टंकन केले त्याने ताडायचे नाही. दोन ताडण्या, दोन वेगळे लिपिक, दोघांची नावे आणि लेजरचा पान क्रमांक कार्यालयीन प्रतीवर.
- उतारा क्रमांकित कागदावरच. रोज संध्याकाळी वापरलेले, रद्द झालेले आणि शिल्लक कागद यांची बेरीज सकाळच्या साठ्याशी जुळली पाहिजे.
- दर शुक्रवारी नियंत्रक रवानगी नोंदवहीतून स्वतः क्रमांक निवडतील आणि तेवढे उतारे लेजरशी ताडून पाहतील.
- रवाना झालेल्या उताऱ्यात गुणांची एक जरी चूक सापडली तरी प्रयोग त्याच दिवशी थांबेल.
- मुदत ६० कामाचे दिवस. वाढवली नाही तर आदेश आपोआप संपेल.

नमुना तपासणीचे प्रमाण मसुद्यात २ टक्के होते. नियंत्रकांनी खोडून ५ केले. वरिष्ठांना बदलायला मुद्दाम काहीतरी ठेवावे असा सल्ला काहीजण देतात. इथे तसे केले नव्हते, २ टक्के खरोखरच कमी होते. पण त्या खोडाखोडीनंतर प्रयोग नियंत्रकांचा झाला, हेही तितकेच खरे.

*दार उघडे असण्याची वेळ*

टिप्पणी तरीही पंधरा दिवस थांबली. विद्यापीठांसारख्या संस्थांत निर्णय कसे होतात, यावर कोहेन, मार्च आणि ओल्सन या अभ्यासकांनी १९७२ मध्ये मांडलेले प्रतिमान प्रसिद्ध आहे. प्रश्न, उत्तरे, माणसे आणि निर्णयाचे प्रसंग आपापल्या वाटेने तरंगत असतात, आणि योगायोगाने एकत्र आले की निर्णय होतो. इथे तो योग एका पालकाच्या पत्राने आला. कुलगुरूंनी आठ दिवसांत अहवाल मागवला. नियंत्रकांना उत्तर हवे होते आणि ते त्यांच्याच टेबलावर पडले होते. त्यांनी सही केली, मसुद्यासह अहवाल स्वतः कुलगुरूंकडे नेला. उपकुलसचिव त्या बैठकीत नव्हत्या आणि आदेशात त्यांचे नाव नव्हते. त्यांनी ते मागितलेही नाही.

मध्येच काय बिघडले

तिसऱ्या आठवड्यात एका शुक्रवारी साडेपाचला ईमेल आला. दोन उतारे बाहेरच्या संस्थांनी परत पाठवले होते. त्यांच्याकडे नियंत्रकांच्या सहीचा नमुना होता, नव्या सह्या त्यांच्या यादीत नव्हत्या. त्यांच्या दृष्टीने उतारे संशयास्पद होते.

ही चूक कक्षाची होती. रवानगीचा लिपिक ही अडचण पहिल्या दिवशी सांगू शकला असता, कारण नमुना सह्यांची पत्रे दर नेमणुकीनंतर तोच पाठवतो. त्याला कोणी विचारलेच नव्हते.

सोमवारी सांगावे, असा मोह झाला असता. उपकुलसचिव त्याच संध्याकाळी गेल्या आणि तीन गोष्टी सांगितल्या: काय झाले, नोंदवहीनुसार अशा संस्थांकडे गेलेले उतारे सुमारे ९० आहेत, आणि त्या सर्व संस्थांना नमुना सह्यांसह नियंत्रकांचे पत्र सोमवारी दुपारपर्यंत जाईल. नियंत्रक चिडले. बाहेरच्या संस्थांसाठीच्या ‘करिता’ सह्या त्यांनी आठवडाभर थांबवल्या. प्रयोग मात्र थांबवला नाही. वाईट बातमी कुलसचिवांकडून खाली आली असती, तर तोही थांबला असता, असा अंदाज करायला जागा आहे.

परिणाम

६० दिवसांनंतर दुरुस्ती नसलेल्या अर्जांचा सरासरी काळ ३० वरून १२ दिवसांवर आला: आवक २, लेजर ४, टंकन व ताडणी ४, सही १, रवानगी १. प्रलंबित अर्ज १२०० वरून ५०० झाले. त्यासाठी रोज सुमारे ५२ उतारे बाहेर जावे लागले, पण त्यातला मोठा वाटा आधीच तयार असलेल्या गठ्ठ्याचा होता. टंकनावरचा भार रोज पाचेक नकलांनीच वाढला. एकही पद वाढले नाही.

नमुना तपासणीत १५६ उतारे पाहिले गेले. तीन चुका निघाल्या: दोन नावातल्या अक्षरांच्या, एक श्रेयांकांच्या बेरजेची. गुणांची एकही नाही. बेरजेच्या चुकीवर प्रयोग थांबवायचा का, हा प्रश्न आलाच. अट ‘गुणांची चूक’ अशी होती, आणि नियंत्रकांनी ती शब्दशः घेतली. या तीन चुका आधीपेक्षा कमी की जास्त, हे सांगता येत नाही, कारण आधी कोणी मोजत नव्हते. मुदतवाढीच्या टिप्पणीत हे वाक्य तसेच लिहिले गेले. नियंत्रकांनी त्याखाली रेघ मारून मुदतवाढ मंजूर केली.

वेगळे काय करता आले असते

मोजणी आणि चौकशीच्या फाइलचे वाचन पहिल्या टिप्पणीच्या आधी झाले असते, तर सात आठवडे वाचले असते. नकाराचे कारण कक्षातल्या जुन्या माणसांना ठाऊक होते, ते विचारायला अर्धा तास पुरला असता. कुलसचिवांना प्रत देण्यापूर्वी ‘सर, प्रत द्यायची का?’ एवढे विचारणे पुरेसे होते. उत्तर ‘नाही’ असे आले असते, आणि पुढचा रस्ता मोकळा राहिला असता.

प्रयोगाआधीची चुकांची मोजणी राहून गेली, ही उणीव मोठी आहे. चिठ्ठ्या टाचल्या त्याच दहा दिवसांत रोजचे पाच-सहा उतारे ताडून पाहता आले असते. मग ‘सुरक्षितता कमी झाली नाही’ असे आकड्याने म्हणता आले असते. आज ते फक्त विश्वासावर उभे आहे. मसुदा पाचही टेबलांवरच्या एकेका माणसाला वाचून दाखवला असता, तर नमुना सह्यांचा घोळही टळला असता.

वगळलेल्या २४ सेकंदांबद्दल मतभेद होऊ शकतात. वस्तुस्थिती दडवली, असे कोणी म्हणेल. निर्णयासाठी लागणारी माहिती (दोष कुठे अडतो) नियंत्रकांसमोर पूर्ण होती, फक्त त्यांना उणे दाखवणारा पुरावा कागदावर आला नाही, असे याचे उत्तर आहे. चुकीमुळे कोणाचे नुकसान सुरू असते आणि ते थांबत नसते, तर हे उत्तर पुरले नसते.

एक प्रश्न शिल्लक आहे. दुरुस्ती असलेले अर्ज रोज दोनच येतात, पण त्यांना अजून २२ दिवस लागतात. इतर सगळे टप्पे आटोपले, सहीचे ११ दिवस मात्र जसेच्या तसे आहेत. गठ्ठा लहान झाल्याने नियंत्रक आता सह्यांना आठवड्यातून एकदाच बसतात, आणि तीही बैठक बरेचदा पुढे जाते. त्याबद्दलची टिप्पणी तयार आहे, एका पानाची, मसुद्यासह. ती अजून वर गेलेली नाही, कारण निकालाचा आठवडा सुरू आहे.